हुसेनभाईंची अर्धी दुआ

आखातातल्या मत्रहच्या सूकमध्ये, तिथल्या जुन्या बाजारात, हुसेनभाईंचं कापडाचं दुकान. मन थाऱ्यावर नसलं की ते कापडाचे तागे उलगडतात आणि पुन्हा गुंडाळतात. त्या आठवड्यात एकही तागा जागेवर राहिला नव्हता.

कारण नुमान. मुलगा इथल्याच वादी कबीरच्या शाळेत फुटबॉल खेळून अमेरिकेला शिकायला गेला आणि तिथल्या कॉलेजच्या संघात शिरला. तिकडचा फुटबॉल हातात घेऊन पळायचा. पायाने मारायची वेळ क्वचित येते, तेवढ्यापुरता नुमान. डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांच्या लीगची फायनल. लीग जिंकली की हंगाम खलास, अशा समजुतीने हुसेनभाईंनी त्यानंतरची तारीख मुलीच्या, नूरैनच्या निकाहासाठी देऊन टाकली. रत्नागिरीत हॉलही ठरला.

नूरैनचा हट्ट एकच. निकाहात वधूचा वकील म्हणून तिची संमती विचारायला भावानेच यायचं. "दुसऱ्या कोणाला मी हो म्हणणार नाही, अब्बा."

मग कळलं, लीग ही नुसती पायरी. वर अख्ख्या देशाच्या विजेतेपदाचे सामने, प्लेऑफ. तिथल्या जागा मोठ्या लीगांचे संघच अडवून बसतात. छोट्या लीगांच्या विजेत्यांतून बहुधा एकच आत जातो, समिती ज्याला वरचढ मानेल तो. आणि आत गेलं, तर सामना निकाहाच्याच दिवशी.

रविवारी सकाळी दुकान उघडताना निकाल आला. नुमानचा संघ जिंकला होता. शेवटची किक त्याचीच.

"मिठाई काढा!" शेजारच्या दुकानातला प्रसाद ओरडला.

"थांब रे. दुसऱ्या छोट्या लीगचे विजेतेपण ठरलेत. जागा एकच."

"मग तुम्हाला काय हवंय, अर्बाब? पोरगा आत की बाहेर?"

हुसेनभाईंनी तागा ओढला.

दुपारच्या नमाजानंतर त्यांनी हात उचलले. मुलासाठी मागावं तर मुलगी डोळ्यांपुढे येई, मुलीसाठी मागावं तर ती किक. काहीच न मागता हात खाली आले.

संध्याकाळी घरी नूरैन फोन धरून बसली. तिची आई खैरुन्निसा स्वयंपाकघरातून तीनदा येऊन गेली. शेवटी प्लेऑफच्या संघांची नावं आली. नुमानचा संघ नव्हता. दुसऱ्या लीगमधले संघ तगडे, म्हणून तिथल्या विजेत्याचं जिंकणं जास्त वजनाचं धरलं होतं.

नुमानचा फोन आला. "तिकीट काढतो, अब्बा," एवढंच म्हणाला आणि त्याने नाक ओढलं.

नूरैनने फोन हिसकावला. "रडायचंय ना? इथे येऊन रड. मला पाठवणीला सोबत होईल."

खैरुन्निसाने सुटकेचा निःश्वास टाकला. हुसेनभाईंना मात्र बसवेना. खिडकीपर्यंत गेले, परत आले.

"नूरैन, त्या दुसऱ्या संघाचा सामना कधी गो?"

"माझ्या निकाहाच्या दिवशी. का?"

"हरले पाहिजेत."

दिवसभरात एवढं एकच त्यांना न अडखळता मागता आलं.