यादीत नसलेला डबा

आमच्या दुकानातून दुरुस्त झालेल्या वस्तू लोक घेऊन जातात, किस्से मात्र कुणी नेत नाही. ते फळीवर साचत राहतात. मागच्या वर्षी बाबांनी डबा केला आणि फळी पुरेनाशी झाली.

आधी डब्याविषयी सांगते. जाफराबादच्या स्टँडजवळ आमचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. रेडिओ आता कुणी आणत नाही आणि टीव्ही बिघडला की लोक नवीन घेतात. म्हणून बाबांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एक रिसीव्हर बसवला. तो रेडिओच्या लहरी पकडून कॉम्प्युटरला द्यायचा. स्टेशन लावणं, खरखर काढणं, हे सगळं कॉम्प्युटरमधला प्रोग्राम करायचा.

जालन्याच्या एका कॉलेजातले सर म्हणाले होते, "चालवून दाखवा, आमच्या लॅबसाठी असे डबे करून घेऊ." नाही चालला तर दुकान मोबाइल रिचार्जवाल्याला देऊन टाकायचं, असं बाबा आईजवळ बोलून बसले होते.

प्रोग्राम परदेशातल्या हौशी लोकांनी लिहिलेला, फुकटचा होता. त्यात आपल्याला हवी ती भर घालता यायची. ते काम सुनीलदादाकडे, म्हणजे माझ्या आत्याच्या मुलाकडे आलं.

*

दादाने प्रोग्राम पहिल्यांदा उघडला तेव्हा त्याला ठाऊक असलेल्या रिसीव्हरांची यादी आली. सगळी विलायती नावं.

"मामा, आपला डबा यात न्हाई. हा आपल्याला ओळखतच न्हाई."

"अरे, त्याच्या समोर तर ठेवलाय," बाबा म्हणाले.

दुकानात नाना बसले होते. नाना रिटायर पोस्टमन. चहाच्या वेळी येतात आणि जेवणाच्या वेळी उठतात.

"मतदार यादीत माझं बी नाव नव्हतं," ते म्हणाले. "मी साहेबासमोर हुबा, आन् साहेब म्हणे तुम्ही न्हाईत."

"मंग काय केलं?"

"काय करता? घरी जाऊन झोपलो."

*

दादाने लिहिलेला भाग चालू झाला, पण पडद्यावर नुसते काटे. सारख्या अंतरावर उभ्या रेषा, बाभळीच्या कुंपणासारख्या. दादा कितीतरी वेळ स्वतःच्याच चुका शोधत बसला.

तेव्हा लोडशेडिंग होतं. बाबांनी ट्रॅक्टरच्या बॅटरीवर घरीच इन्व्हर्टर जोडला होता आणि कॉम्प्युटर त्यावर चालायचा. शेवटी बाबांनी इन्व्हर्टरकडे बोट दाखवलं. "हाच ओरडून राह्यला असंल. याचीच खरखर डबा पकडतोय."

"मंग बंद करून बघा की."

बाबांनी बंद केला. कॉम्प्युटरही बंद पडला.

"गेला का आवाज?" दादाने विचारलं.

"आवाज गेला असंल. पण ऐकणाराच गेला ना."

तेव्हापासून दादा लाइट असेल तेव्हाच काम करायचा. आई म्हणायची, "पिठाची गिरणी आन् सुनील संगंच चालू व्हतात."

*

काटे गेले आणि पडद्यावर स्टेशनं उंचवट्यांसारखी दिसायला लागली, पण प्रत्येक आपल्या जागेपासून जरा सरकलेलं. डब्यात क्रिस्टल नावाचा एक छोटा भाग असतो, त्याच्या ठोक्यावर सगळं चालतं. बाबांनी काढलेल्या जोडणीच्या नकाशात त्याचा जो आकडा होता, तोच दादाने प्रोग्रामात लिहिला होता.

"मामा, नकाशातलाच क्रिस्टल लावलाय ना?"

"तोच." मग डब्यात डोकावून, "म्हणजे, तसाच. जुन्या टीव्हीतला होता."

"मामा."

"जवळपासचा आहे रे."

"टीव्हीला जवळपासचा चालतो. याला बराबर लागतो."

बाबांना ते लागलं. "या जवळपासच्यावर आख्ख्या तालुक्याचे टीव्ही चालू हैत," ते म्हणाले आणि सोल्डरिंगचं काम घेऊन पाठमोरे बसले.

दादाने गुपचूप टीव्हीच्या क्रिस्टलचा आकडा प्रोग्रामात घातला.

*

दुकानामागेच आमचं घर आहे, मध्ये फक्त पडदा. मी पडद्याआडून बघत असायचे. एकदा माझ्या लक्षात आलं की स्टेशन उजवीकडे असायला हवं तेव्हा डावीकडे दिसतंय. सगळ्यांसमोर बोलायचा मला धीर होईना, म्हणून आईच्या कानात सांगितलं.

आई पोळ्या लाटता लाटता ओरडली, "ती म्हणती उलटं चालून राह्यलंय."

खरंच होतं. डब्यातून कॉम्प्युटरकडे दोन वाटांनी आवाज जातो. त्यांची अदलाबदल झाली की सगळं आरशातल्यासारखं उलटं दिसतं. दादा जेवायला आत आला तेव्हा बाबांनी डब्यातल्या तारा बदलल्या. बाबा जेवायला आले तेव्हा दादाने तीच अदलाबदल प्रोग्रामात केली. कुणीच कुणाला सांगितलं नाही.

चालू केलं तर पुन्हा उलटं.

मग दोघांनाही आपापली चूक वाटली. बाबांनी तारा होत्या तशा केल्या, दादाने प्रोग्राम होता तसा केला. तरी उलटंच.

आई पडदा सारून बाहेर आली. "एकानं करा, एकानं चहा प्या."

बाबा चहा प्यायले. सरळ झालं.

*

कॉलेजात जायच्या दिवशी आम्ही सगळे निघालो. नानाही आले. "येवढे दिवस बसलो, शेवटी न्हाई का बघायचं?" म्हणाले. बाबा एसटीत जालन्यापर्यंत डबा मांडीवर घेऊन बसले. लॅबमध्ये दादाने जोडणी केली. तो माऊस धरणार तोच सर म्हणाले, "थांबा, मी चालवतो. विद्यार्थ्यांना जमलं पाहिजे, तर उपयोग."

सरांनी यादी उघडली. विलायती नावांवरून खाली खाली आले आणि शेवटच्या ओळीवर थांबले. दादाने काम चालू असताना तिथे तात्पुरतं नाव टाकलं होतं आणि ते बदलायचं राहून गेलं होतं. इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, "हात लावू नका."

सरांनी माऊसवरचा हात पटकन उचलला.

सर बाबांकडे बघू लागले. बाबा पुढे झाले.

"तुम्ही लावा, सर. ते दुसऱ्यासाठी हाय."

सरांनी ती ओळ निवडली. जरा खरखर झाली आणि मग स्वच्छ मराठी बातम्या लागल्या. सरांनी स्टेशन बदललं, गाणं लागलं. पुन्हा बदललं, पुन्हा गाणं. "सहा करून द्या," ते म्हणाले. बाबा स्टुलावर बसले. किती दिवसांनी त्यांचे खांदे खाली आलेले मी पाहिले.

मग सरांनी विचारलं, "पण दुसरं कोण?"

आम्ही सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. दाराजवळ नाना उभे होते, दोन्ही हात खिशात घालून.