दसऱ्याला मांडलेल्या सहा गोळ्या

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर माझ्या तोंडी आधी नागपूरच्या नंदनवन भागातल्या वकील काकू येतात. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. वडील आमच्या गावी, खाप्याला, हातमागावर विणायचे, मी नगरपालिकेच्या शाळेत शिकलो, आणि वकिलीच्या शिक्षणासाठी नागपूरला आलो तेव्हा कोर्टाच्या इमारतीत शिरायचीसुद्धा मला भीती वाटायची. काकूंनी मला घरातली वरची खोली दिली, स्वतःच्या टेबलाच्या कोपऱ्यावर माझ्या पुस्तकांना जागा दिली, आणि इंग्रजी निकालपत्र वाचताना मी अडलो की न हसता अर्थ सांगितला. मी त्यांचं टायपिंग करायचो आणि गाडी चालवायचो. त्यांना गाडी येत नव्हती असं नाही. पण चालवताना त्या उलटतपासणीचे प्रश्न मनात घोळवायच्या आणि सिग्नल विसरायच्या.

तेव्हा काकू एक जमिनीची केस लढत होत्या. मौद्याजवळच्या एका खेड्यात एका म्हाताऱ्या विधवेचं वावर होतं, हायवेपासून हाकेच्या अंतरावर. एका दलालानं त्या वावराचं विक्रीपत्र पुढे आणलं. त्यावर आजीचा अंगठा होता. आजीचं म्हणणं एकच, अंगठा माझा नाही. पण हे तिनं कोर्टात येऊन सांगायला हवं होतं, आणि ती येऊ शकत नव्हती. एका तारखेला तिच्या दारासमोर चार-पाच माणसं सकाळपासून बसून राहिली. पुढच्या तारखेला ठरवलेला गाडीवाला आलाच नाही. मग कोर्टानं शेवटची संधी दिली. या वेळी आजी हजर झाली नाही तर पुरावा बंद, आणि पुरावा बंद म्हणजे वावर गेलं.

काकूंनाही फोन यायचे. कुणी काही बोलायचं नाही, फक्त त्यांच्या गाडीचा नंबर वाचून दाखवायचं. एकदा पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटवर कुणीतरी हार घालून ठेवला होता, मेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात तसा. त्यानंतर काकूंनी परवान्यासाठी अर्ज केला. बरेच महिने गेले, चौकशा झाल्या, आणि एक दिवस घरात रिव्हॉल्व्हर आलं. काळं, लहानसं, दिसतं त्यापेक्षा जड. सोबत गोळ्यांचा पुठ्ठ्याचा डबा. एका वेळी किती बाळगायच्या त्याची मर्यादा परवान्यावर लिहिलेली होती, पण पर्समध्ये रोज किती न्यायच्या हे कुणी लिहिलेलं नव्हतं. त्यावरून घरात वाद सुरू झाला.

काकूंचे मोठे भाऊ मौद्याकडेच गावी शेती करायचे आणि दर आठवड्याला भाजी घेऊन यायचे. रिव्हॉल्व्हरला सहा घरं आहेत आणि काकू पाचच गोळ्या भरतात, हे त्यांना पटेना.

"सहा घरं हायेत तं पाच काहून?"

"घोड्याखालचं घर रिकामं ठेवतो मी. शिकवणाऱ्यानं सांगतलं. पर्स पडली अन् दणका बसला तं?"

"अन् त्या पाच संपल्या तं? थांबा गा, घरी जाऊन आणतो म्हणशील का त्याहिले? बारा आणखी ठेव. रुमालात बांधून ठेव."

"भाऊ, मी कोर्टात चालली, लढाईवर नाही."

"मंग घेतली काहून? कुंकू लावाले?"

काकू हसल्या. मला हसू आलं नाही. मी मनातल्या मनात भावाच्या बाजूचा होतो. रस्त्यावर एखादी जीप आडवी आली तर तिच्यात किती माणसं असतील, त्यांना पाच गोळ्या पुरतील का, हे मी गाडी चालवताना मोजत बसायचो. नेमबाजीच्या सरावाला मी काकूंसोबत जायचो. तिथे, आवाज लागू नये म्हणून कान झाकून, कुणी अंगावर येत नसताना, त्यांच्या पाचातल्या दोन गोळ्या कागदावर लागायच्या. शिकवणारा म्हणायचा की संकटात यातलं निम्मंही जमत नाही. म्हणजे फार तर एक. तो हिशेब मला आजही पाठ आहे.

मग दसरा आला. त्या दिवशी सकाळी मी आईवडिलांसोबत दीक्षाभूमीला गेलो होतो. ते खाप्याहून आले होते. दुपारनंतर त्यांना बसमध्ये बसवून नंदनवनात परतलो, तर काकूंच्या दिवाणखान्यात पाट मांडलेला. पाटावर कायद्याची जाड पुस्तकं, काकूंचं पेन, भावानं गावाहून आणलेला विळा, आणि मधोमध झेंडूच्या माळेत रिव्हॉल्व्हर. त्याच्यापुढे सहा गोळ्या उभ्या केलेल्या, प्रत्येकीला हळदकुंकू. घरात शस्त्र आलं आणि पहिल्या दसऱ्याला त्याची पूजा नाही, हे भावाला चालणारच नव्हतं. पाच मांडायला त्यांचं मन होईना. सहा घरं, सहा गोळ्या.

संध्याकाळी सोनं द्यायला माणसं येत राहिली. गल्लीतले, कोर्टातले, गावाकडचे. आपट्याची पानं हातात ठेवायची, पाटाकडे पाहायचं, "अरे वा, काकू!" म्हणायचं. भावानं मोबाइलवर फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं, आमच्या बहिणीचं शस्त्र. काकूंना ते दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांनी फोन करून भावाला इतकं झापलं की मी टायपिंग थांबवलं.

"अवं, देवाचं हाय ते," भाऊ पलीकडून म्हणाले.

"देवाले दाखवा ना मंग! सगळ्या मौद्याले काहून दाखवून राहिले?"

गोळ्या मी स्वतः कोरड्या फडक्यानं पुसल्या. एकीच्या कडेला हळद राहिलीच.

साक्षीच्या दिवशी आम्ही सकाळी लवकर निघालो. पोलिसांकडे संरक्षणासाठी दिलेल्या अर्जाचं उत्तर अजून यायचं होतं. भाऊ येतो म्हणत होते, काकूंनी नको म्हटलं. ते आले की भांडण होणार हे ठरलेलं. पर्समध्ये रिव्हॉल्व्हर होतं, पाच गोळ्या भरलेलं. माझ्या आग्रहाखातर काकूंनी उरलेल्यातल्या सहा रुमालात बांधून घेतल्या होत्या. गाठ त्यांनी माझ्यासमोर मारली आणि म्हणाल्या, "झालं तुह्यं समाधान?" झालं नव्हतं.

आजी तयार होती. नऊवारी नवी, केसांना तेल, हातात कापडी पिशवी. दारासमोर त्या दिवशी कुणी बसलेलं नव्हतं, आणि मला तेच बरं वाटलं नाही. मी दार उघडलं. आजीनं एक पाय आत ठेवला आणि काकूंच्या मांडीवरच्या पर्सकडे पाहिलं.

"त्यात हाय का वं ते? फोटोतलं?"

"हो आजी. तुमच्यासाठीच आणलं."

आजीनं पाय बाहेर घेतला. "मी नाही बसत."

"काहून?"

"आमच्या रस्त्यानं खड्डे पाहिले का तू? गाडी उसळली अन् ते सुटलं तं? माह्या बाजूलेच बसशील तू."

काकूंनी समजावलं. चाप ओढल्याशिवाय सुटत नाही, हे सांगितलं. घोड्याखालचं घर रिकामं आहे, हे सांगितलं. आजी ओट्यावर जाऊन बसली. कोर्टाची वेळ पुढे सरकत होती. मी म्हणालो, "काकू, पर्स समोर माझ्याजवळ ठेवू का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे केलेला हात मागे घेतला. परवाना त्यांचा होता. माझ्याजवळ ते सापडलं तर माझी वकिली सुरू होण्याआधीच संपली असती.

"डिक्कीत ठेवतो," काकू शेवटी म्हणाल्या.

"गोळ्या काढून."

"काढून."

"त्या रुमालातल्या बी."

अंगणात उभं राहून काकूंनी पाचही गोळ्या तळहातावर काढल्या. रिव्हॉल्व्हर एका डब्यात, गोळ्या दुसऱ्यात, दोन्ही डिक्कीत, डिक्कीला कुलूप. किल्ली माझ्या हातात देताना त्या आजीला म्हणाल्या, "आता बसा माय." आणि आजी बसली. मला मात्र रडू यायचं बाकी होतं. इतके दिवस पाच की सतरा म्हणून भांडलो, आणि प्रत्यक्षात शून्य घेऊन निघालो.

गावापासून हायवेपर्यंतचा रस्ता अरुंद होता, एका बाजूला कालवा. वीज केंद्राच्या राखेचे ट्रक तिथूनच जायचे. एका वळणावर पांढरी जीप आडवी उभी होती. मी ब्रेक दाबला. मागे जायला पाहिलं, तर मागून राखेचा ट्रक येत होता.

जीपमधून माणसं उतरली. मी नेहमी मोजायचो त्याहून जास्त. त्यांच्यातला एक जण बाजूला सरकून उभा राहिला आणि त्यानं मोबाइल डोळ्यांसमोर धरला. दुसरा काकूंच्या काचेशी आला. हातात काही नव्हतं. आवाज गोड.

"नमस्कार वकीलबाई. म्हातारीले कुठं घेऊन चालल्या?"

"कोर्टात. गाडी बाजूला घ्या."

"घेतो ना. पहिले ते दाखवा. पूजा केलेलं. सहाच गोळ्या हायेत का आणखी घेतल्या?"

मागचे हसले. "काढा ना बाई, काढा," तो म्हणाला. "आम्ही घाबरतो. पाहा, घाबरून राहिलो."

आरशात मला काकूंचा हात दिसत होता. तो पर्समध्ये गेला होता. मनगटापर्यंत. मला ठाऊक होतं की आत फाईल, चष्मा आणि जेवणाचा डबा आहे. त्यांनाही ठाऊक होतं, त्यांनी स्वतःच सगळं काढलं होतं. तरी हात आत गेला आणि तिथेच थांबला. बोटं काहीतरी शोधत असावीत तसं चामडं हलत होतं. मोबाइलवाला दोन पावलं जवळ आला आणि पर्सवर नेम धरला.

तेव्हा आजीनं काच खाली केली.

"तू कोतवालाचा पोट्टा ना गा?" तिनं मोबाइलवाल्याला विचारलं. तो गडबडला. "तुही माय माह्या वावरातून संभाराच्या जुड्या नेते, मी कधी नाही म्हटलं का? अन् तू माहा फोटो काढतं? थांब, पदर घेऊ दे नीट. हां. काढ आता. अन् घरी दाखव मायले."

मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. मग तो खाली उतरला आणि हिंदीतून जीपवाल्यांच्या सगळ्या खानदानाचा उद्धार करू लागला. त्याच्यामागे आणखी एक ट्रक लागला. काचेशी वाकलेला माणूस सरळ झाला. त्यानं पर्सकडे पुन्हा पाहिलं, मोबाइलवाल्याकडे पाहिलं, आणि मान हलवली. जीप मागे सरकली. मी कशी गाडी काढली ते मला आठवत नाही.

आजीची साक्ष त्या दिवशी झाली. अंगठा माझा नाही, हे तिनं उलटतपासणीतही सोडलं नाही. दुपारी कोर्टाबाहेर चहा पिताना काकू म्हणाल्या, "त्याहिले मारायचं नव्हतं गा आपल्याले. त्याहिले व्हिडिओ पाहिजे होता. बाईनं भर रस्त्यात पिस्तूल रोखलं. परवाना गेला असता, वकिलीची सनद गेली असती, अन् केस दुसऱ्या वकिलाकडे. म्हातारी एकटी पडली असती." आजी बशीतून चहा पीत होती. तिनं विचारलं, "घरी जाताना बी डिक्कीतच ना?"

काकूंनी रिव्हॉल्व्हर परत केलं नाही. सरावही सोडला नाही. पुढे वावर आजीच्याच नावावर राहिलं. मी सनद घेतली आणि आता सावनेरच्या कोर्टात काम करतो, राहतो खाप्याला. मागच्या महिन्यात एका वाळूचोरीच्या प्रकरणावरून माझ्या घरासमोर रोज एक मोटरसायकल उभी राहू लागली. काकूंना कळलं. त्यांचा फोन आला: परवान्यासाठी अर्ज कर, आणि गोळ्यांच्या रकान्यात किती लिहितो ते मला सांग. फोनवर मला त्यांना नाही म्हणता येत नाही. तिसऱ्या प्रश्नाला त्या मला अडकवतात. म्हणून मी हे पत्र पाठवलं.

"आदरणीय काकू,

सविनय जय भीम.

तुमचा फोन आल्यापासून अर्ज टेबलावर आहे. बाकी सगळं भरलं, तो एक रकाना कोरा आहे. मोटरसायकलची तक्रार पोलिसांत लेखी दिली आहे आणि पोच घेतली आहे, तुम्ही शिकवलं तशी. साक्षीदारांना आणताना मी आता एकटा जात नाही. आई म्हणते की तीच गाडीत बसेल; तिला आवरणं कठीण झालं आहे.

मी घाबरलो नाही असं खोटं लिहीत नाही. सकाळी दार उघडताना मी आधी खिडकीतून पाहतो. तुम्ही माझ्या भल्यासाठीच सांगता, हे मला कळतं. माझ्याकडे आज जे काही आहे, बोलण्याची हिंमतसुद्धा, ते तुमच्या घरून आलं आहे.

पण काकू, त्या दिवशी कालव्याजवळ मी आरशातून तुमचा हात पाहिला. पर्समध्ये रिव्हॉल्व्हर नाही हे ठाऊक असून तो आत गेला. तुमच्यासारख्या शांत माणसाचा गेला, तर माझा किती वेगानं जाईल? तेव्हापासून एक विचारायचं होतं. कोर्टात विचारला असता तर तुम्हीच हरकत घेतली असती असा प्रश्न आहे. आजीनं हट्ट केला नसता आणि रिव्हॉल्व्हर त्या दिवशी पर्समध्ये असतं, तर तुम्ही ते बाहेर काढलं असतं का?

मला खरं उत्तर हवं आहे, धीर देणारं नको. ते आल्याशिवाय मी त्या रकान्यात आकडा लिहिणार नाही.

तुमचाच."