मेथीच्या वासाची क्रांती

आमच्या लगदेबाई वर्गात शिरण्याआधी त्यांचा वास शिरायचा. मेथीचा. कागदाच्या लगद्यात मेथीचं पीठ घातलं की तो चिवट होतो आणि त्याला कीड लागत नाही, म्हणून बाई घरून डबाभर पीठ दळून आणायच्या. ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत तो वास त्यांच्या पदराला, खडूला, हजेरीपटालासुद्धा चिकटलेला असे. त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं, पण ते कोणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. जबलपूरच्या आमच्या मराठी शाळेत त्या नववीच्या मुलींना इतिहास शिकवायच्या, आणि फ्रेंच राज्यक्रांतीचा धडा त्या वाचून नाही, मळून शिकवायच्या.

राज्यं नव्याने आखली गेली तेव्हा नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही इकडे मध्य प्रदेशात राहिलो. मराठी पुस्तकं नागपूरहून यायची, ती कधी दिवाळीला यायची तर कधी यायचीच नाहीत. बाकीचे शिक्षक कुरकुरत. बाई म्हणायच्या, "पुस्तक नाही आलं तर काय क्रांती थांबून राहिली? चलो, बाह्या वर करा!" मग घमेल्यात भिजलेली रद्दी मळून आम्ही बॅस्टिलचा तुरुंग उभा करायचो. कमरेएवढा, आठ बुरुजांचा. आईच्या जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांतून तिरंगी फिती शिवायचो. सनावळ्या विचारल्या की मला घाम फुटे, पण पाव महागला तेव्हा पॅरिसच्या बायका कुठून कुठे चालत गेल्या, ते मी आजही झोपेतून उठून सांगेन. "पाठ काय, पोपटही करतो," हे बाईंचं ठरलेलं वाक्य.

घमेल्यात सगळ्यांनी एकदम हात घालायचा, हा त्यांचा नेम. आम्ही जबलपुरातल्याच गोरखपूर मोहल्ल्यातले, वडील विदर्भातून कारखान्यात नोकरीला आलेले, बौद्ध. एका मुलीच्या आईला ते घमेलं खुपलं. ती शाळेत येऊन आडून आडून बोलू लागली. बाईंनी तिला हाताला धरून वर्गात आणलं. घमेल्यात वीस हात होते, कोपरापर्यंत राखाडी. बाई म्हणाल्या, "यातला तुमच्या मुलीचा कोणता आणि बाकीच्यांचा कोणता, ते दाखवा. तुमच्या मुलीचा लगेच बाहेर काढते." ती माउली आल्या पावली निघून गेली. मी त्या दिवसापासून बाईंची झाले.

आणि शेवटचा नेम मोडण्याचा. दिवाळीच्या सुटीआधी तो किल्ला आम्हीच हातांनी मोडायचा. काठी नाही, दगड नाही. दोन महिने खपून केलेली वस्तू मोडताना जीव वर-खाली व्हायचा. बाई म्हणायच्या, "होऊ द्या. मोडायला काय लागतं ते कळू द्या."

माझ्या नववीच्या वर्षी चार बुरुज झाले आणि कागद संपला. बाईंनी मला घराची किल्ली दिली. मदन महालजवळ त्या एकट्याच राहत. "खिडकीतला वर्तमानपत्रांचा गठ्ठा आण," एवढंच त्या म्हणाल्या. गठ्ठा मला फारच लहान वाटला. खिडकीखाली एक पेटी होती, तिला कुलूप नव्हतं. आत तपकिरी कव्हरं घातलेल्या वह्या, नाडीने बांधलेल्या. जास्त कागद नेला तर बाई शाबासकी देतील, असं मला वाटलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय! शनिवारी बाई मोठ्या बाईंकडे बसल्या असताना आम्ही हसतखिदळत त्या वह्या टराटरा फाडल्या आणि भिजत घातल्या.

सोमवारी लगदा निळसर झाला होता. बाईंनी घमेल्यात हात घातला. "ही शाई कुठली गं?"

"पेटीतल्या वह्यांची, बाई. कागद कमी पडत होता ना," मी ऐटीत म्हणाले.

त्यांनी हात बाहेर काढला नाही. वर्गातली चुळबुळ थांबली तरी त्या तशाच ओणव्या उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "काहून थांबल्या? पीठ घाला. पाणी सुटून राहिलं." आणि मळू लागल्या.

दुपारी शाळेतल्या मावशींनी मला नळापाशी गाठलं. "बाईंची पोरगी, सुमी, सातवीत होती तेव्हा तापानं गेली. तिच्या वह्या होत्या त्या. काय करून बसली तू हे, पोरी?"

पुढचे चार बुरुज निळसर झाले. मला त्यांच्याकडे बघवेना, आणि ते मोडायचे या विचाराने तर जेवण जाईना. तेवढ्यात मोठ्या बाईंना किल्ला फार आवडला. संमेलनात ठेवू या, म्हणाल्या. मी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडले. पण लगदेबाई म्हणाल्या, "उभाच ठेवला तर धडा राजाचा होईल, मोठ्या बाई."

मोडायच्या दिवशी सगळ्या मुली तुटून पडल्या. मी भिंतीला टेकून रडत होते. बाई आल्या, माझं मनगट धरलं आणि निळ्या बुरुजावर ठेवलं. हळूच म्हणाल्या, "मोड. सुमी सातवीच्या पुढे गेलीच नाही. नववीत ती यंदाच बसली." मग आम्ही दोघींनी मिळून तो मोडला. त्यांची बोटं माझ्या बोटांवर होती.

त्या मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. मीही माफी मागितली नाही. आज मागू, उद्या मागू करता करता मी बी.एड. झाले, नोकरीला लागले आणि बाई निवृत्त होऊन नागपूरला भावाकडे निघाल्या. सामान बांधायला मी गेले होते. ती पेटी पुढ्यात आली तेव्हा मात्र राहवलं नाही.

"बाई, त्या वह्या..." एवढंच माझ्या तोंडून निघालं.

बाई पेटीच्या झाकणावर बसल्या. "ती गेल्यापासून मी त्या एकदाही उघडल्या नव्हत्या," त्या म्हणाल्या. "आज उघडू, उद्या उघडू करून राहिली होती. हिंमतच नाही झाली." मग माझ्याकडे बघून, अगदी लहान मुलीच्या आवाजात त्यांनी विचारलं, "तुम्ही तर उघडल्या होत्या ना गं? शेवटच्या वहीत काय लिहिलं होतं तिनं?"

मी आठवायचा खूप प्रयत्न केला. एखादी ओळ, एखादं चित्र, समासातली रेघ तरी. काहीच नव्हतं. आम्ही हसत होतो आणि फाडत होतो.

"आम्ही वाचलं नाही, बाई," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. बाहेर रिक्षावाला घाई करत होता. मी त्यांना स्टेशनवर सोडलं. त्याच हिवाळ्यात नागपूरला त्या वारल्या. त्यांच्या भावाचं पत्र मला पंधरा दिवसांनी मिळालं.