महादूभाऊंची नवी वाट

सर्जिकल वॉर्डात किस्से गोळा करावे लागत नाहीत. ड्युटी संपवून चपला शोधेपर्यंत एखादा मागे लागतोच. हसायचं त्राण तेवढं उरत नाही. ऐंशीचं दशक सरत असताना मी आदिलाबादला सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. एकट्या महादूभाऊंनीच आम्हाला किती किस्से दिले!

*

महादूभाऊ तलमडुगूकडचे, कापूस-ज्वारीवाले. पहिल्यांदा आले ते पोट धरून. "पोट दुखून राह्यलं," एवढंच म्हणत. मी गोळी काढली, तशी त्यांची बायको रुक्माबाई पुढे झाली.

"पोट नाही बाई. यायले लघवीच्या जागी कॅन्सर झाला होता. नागपूरले पुढचा भाग कापला. आता लघवीचं भोकच बुजून राह्यलं. थेंब थेंब होते."

महादूभाऊंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"यायले लाज वाटते," ती म्हणाली. "माही तर नागपूरलेच सरली."

*

आमचे सर्जन तेलुगू. मराठी पेशंटशी हिंदीत बोलत. त्यांनी विचारलं, "धार कैसी है?"

"चांगली हाय जी," महादूभाऊ म्हणाले. "परवाच विळा पाजवला."

मी डॉक्टरांना तेलुगूत समजावलं. ते हसले नाहीत. बाहेर अजून मोठी रांग होती.

*

मग दर महिन्याला सळई घालून भोक रुंद करायचं. ते पुन्हा आकसायचं. महादूभाऊ दात आवळून पडून राहत. एकदा सळई निघाल्यावर म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुमी उघडता अन् ते मिटते. तुमाले बी कटाळा आला असन."

डॉक्टर हात धूत होते. "आला," म्हणाले.

*

शेवटी ऑपरेशन ठरलं. मूत्रनळी खालून, अंडकोषांच्या मागे उघडायची आणि तिथल्या कातडीला शिवून नवी वाट करायची. हे पुरुषमाणसाला सांगायचं कसं, याचाच डॉक्टरांना घोर. त्यांनी खुर्ची ओढली, महादूभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. मला म्हणाले, "नीट समजावून सांग."

मी सांगितलं, "भाऊ, यापुढे उभं राहून करता येणार नाही. जन्मभर बसूनच करावं लागेल."

महादूभाऊ आमच्या दोघांकडे बघत राहिले.

"आमी धोतरवाले, सिस्टर. उभं राहून कोन करते?"

*

ऑपरेशन झालं. बऱ्याच दिवसांनी लघवीसाठी घातलेली रबरी नळी काढली. महादूभाऊ भिंत धरत संडासात गेले. दाराबाहेर रुक्माबाई, तिच्याशेजारी मी. डॉक्टरही राउंड सोडून व्हरांड्यात थांबले. बराच वेळ काहीच नाही. रुक्माबाईनं पदर तोंडात धरला.

मग आतून आवाज सुरू झाला. चांगला मोठा. थांबेचना.

ती दचकून माझ्याकडे वळली. "सिस्टर, कोनं नळ सोडला काय?"

वॉर्डाच्या नळाला सकाळपासून पाणी नव्हतं.