डब्याच्या पंख्याची खरखर

किस्से गोळा करायला मी कधी गेले नाही. रोजनिशी लिहायची सवय असली की लोक आपणहून येऊन तिच्यात बसतात. या उन्हाळ्यात मी वहीत फक्त एका डब्याचं तापमान लिहीत होते. पण दोन आकड्यांच्या मध्ये माणसं बोलत राहिली, आणि राग आवरायला दुसरा उपाय नसल्यामुळे मी तेही लिहून काढलं.

डबा म्हणजे घरच्या वायफायला जोडलेला, पोटात दोन हार्ड डिस्क घेऊन चोवीस तास चालणारा डबा. त्यात माझ्या सगळ्या रोजनिश्यांचे स्कॅन आहेत, घरादाराचे फोटो आहेत, आणि माझ्या सासूबाईंचे, आईंचे व्हिडिओ. आई ओट्याशी बोलत बोलत स्वयंपाक करायच्या, मी मोबाइल बरणीला टेकवून ठेवायचे. आठ वर्षांचं बोलणं. आता आई जाऊन दोन वर्षं झाली. दोन्ही डिस्कवर मी तेच ते ठेवते; एक गेली तर दुसरी राहावी म्हणून. हे सगळं मी वाचून वाचून, चुकत चुकत, एकटीने शिकले.

मार्चमध्ये डब्याच्या मागचा तळहाताएवढा पंखा खरखरायला लागला.

बडोद्यातल्या तरसालीत आमची सोसायटी, तिच्या भिंती पातळ. आठवड्याभरात शेजारच्या जिग्नाबेन दारात! “सुनंदाबेन, तमारे त्यां आखो दिवस मिक्सर चाले छे. अमने तो कोई दिवस चखाडता नथी!” दिवसभर मिक्सर चालतो आणि त्यांना कधी चाखायलाही मिळत नाही, म्हणे.

*

पहिल्यांदा खरी भडकले ती विजूताईंवर.

विजूताई माझ्या थोरल्या नणंदबाई. राहतात सयाजीगंजला, पण क्रोशाची सुई घेऊन आठवड्यातून दोनदा आमच्याकडे. आमच्या घरात टीव्ही, फ्रिज, मिक्सर, गॅसचा सिलिंडर, सगळ्यांच्या अंगावर त्यांनी विणलेले कपडे आहेत. मी चार दिवस लेकीकडे पुण्याला गेले, तेवढ्यात त्यांनी डब्याला मापाचं, झालरवालं पांढरं कव्हर चढवलं. आवाज कमी झाला म्हणून घरात सगळे खूश!

मी परत आले तेव्हा डबा तव्यासारखा तापलेला होता. तापमान चौसष्ट. एक डिस्क कायमची गेली होती. दुसरीवरचं कुठे कॉपी करून घ्यावं, तर दहा मिनिटांत तापून डबा आपोआप बंद! म्हणजे आईंचं बोलणं उरलं एकाच डिस्कवर, आणि ती डिस्क त्या खरखरणाऱ्या पंख्याच्या भरवशावर.

“विजूताई, त्याला हवा लागते हो!” मी ओरडलेच.

“मिक्सरला बारा वर्षं घालतेय,” विजूताई म्हणाल्या. “तो कधी काही बोलला नाही.”

*

मी मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात लॅबमध्ये आहे. अर्धी रजा टाकून भर उन्हात नवा पंखा आणायला अलकापुरीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले, तर शटर खाली. एक ते चार झोप! बडोद्यात जन्म गेला, तरी हे विसरले म्हणून आधी स्वतःवर चिडले, मग शटरवर.

संध्याकाळी फोन केला.

“बेन, सरने फोन आपो ने.”

म्हटलं, सरांचा काही संबंध नाही, डबा माझा आहे, मला फक्त मागचा पंखा हवाय.

“एमां पंखो न बदलाय, बेन. आखुं नवुं लई लो.”

“पंखा बदलतो. अख्खा नवा डबा कशाला? चार स्क्रू आहेत. मी मोजलेत.”

पलीकडून अगदी नम्रपणे, “सर क्यारे आवशे?” सर कधी येणार, एवढंच!

*

शेवटी दुकानदाराने रविवारी माणूस पाठवला. मी स्टूल दिलं, टॉर्च धरला, तापमानाची वही उघडून दाखवली. तो बोलत होता माझ्या नवऱ्याशी. आणि आमचे सुधीर पेपर वाचत “हं, हं” करत होते!

जुना पंखा काढून साफ करतो म्हणाला. कुंचल्याने वरवर झटकला आणि परत बसवला. बसवला तो उलटा! गरम हवा बाहेर टाकायच्या पंख्याने बाहेरची हवा आत ढकलायला सुरुवात केली. पंखा फिरतोय म्हणून तो गडी खूश.

मी म्हटलं, “कडेला बाण आहे. हवा कुठे जाणार ते बाणावर लिहिलंय.”

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “सर, जरा मॅडम को समझाइए.”

सुधीरनी पेपर खाली केला. “भाई, मने तो ए समजावे छे.” म्हणे, मला तर हीच समजावते!

दोघं खो खो हसले. मलाही हसू यायला हवं होतं. पण पंखा अजून उलटाच होता!

त्याला चहा न देता घालवला. पंखा मीच सुलटा केला आणि नवा ऑनलाइन मागवला.

*

बाहेरचे परवडले. घरात अण्णा होते.

अण्णा माझे सासरे, रेल्वेतून निवृत्त, वय ब्याऐंशी. दुपारी दोन ते चार झोप म्हणजे झोप. डबा त्यांच्याच खोलीत, कारण राउटर तिथे. रोज बरोबर दोनला अण्णा उठायचे, डब्याचं बटण दाबून ठेवायचे आणि आवाज मेला की झोपायचे.

मी चिठ्ठी चिकटवली, ‘बंद करू नये.’

संध्याकाळी पाहिलं तर खाली त्यांच्या वळणदार अक्षरात, ‘आवाज करू नये.’

त्या दिवशी माझा तोल सुटला. “अण्णा, एकच डिस्क उरलीय! रोज असं बंद-चालू करून तीही जाईल. आईंचे सगळे व्हिडिओ त्यात आहेत!”

अण्णा डब्याकडे बघत राहिले. “ती होती तेव्हा दुपारी घरात टाचणी पडू द्यायची नाही,” एवढं म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

*

नवा पंखा आला. चार स्क्रू, एक पिन, वीस मिनिटं! बाण बाहेरच्या बाजूला. जुना पंखा उघडून पाहिला, तर आसाभोवती पांढऱ्या दोऱ्याचा करकचून गुंडाळा.

तो चिमट्याने सोडवून, पुरावा म्हणून वहीत चिकटवून मी विजूताईंपुढे धरला.

त्यांनी चष्मा लावला. “माझाच दोरा! बघ, इतका तापला तरी रंग गेलाय का?”

*

रविवारी नवी डिस्कही बसवली. आता जुनीवरचं सगळं नवीवर उतरणार होतं. त्याला दीड दिवस लागणार होता. डबा असा गप्प की हात लावल्याशिवाय चालू आहे हे कळू नये. सोमवारी कामावर जाताना मी सगळ्यांना बजावलं, “कोणीही हात लावायचा नाही. आईंचे व्हिडिओ कॉपी होतायत.”

साडेपाचला घरी आले. डब्याचा दिवा विझलेला!

चप्पलसुद्धा न काढता मी खोलीत शिरले. अण्णा पलंगावर ताठ बसले होते. उशीला सुरकुतीही नव्हती.

“अण्णा, आता तर आवाजही येत नाही! आता का बंद केलात?”

“मी?” अण्णा माझ्याहून मोठ्याने ओरडले. “बंदच होता तो! दोन वाजल्यापासून कान लावून बसलोय, हूं नाही की चूं नाही. तू एवढं सांगून गेलीस, तरी केलाच ना कुणीतरी बंद! शेवटी मीच उठलो, बटण दाबून धरलं. तरी बोलत नाही!”

मी बटण दाबलं. दिवा लागला. कॉपी जिथे थांबली होती, तिथून पुढे सुरू झाली. अण्णा डब्यावर हात ठेवून उभे होते.

त्या दिवशीची नोंद अशी आहे: ‘५.४०. डबा चालू, कॉपी सुरू. दुपारी अण्णांनी बंद केला होता. कारण: चालू करायचा होता.’