फवाऱ्यांची उंची

सुरतजवळ कामरेजकडे बंगला घेतला त्या वर्षी लॉनमधल्या फवाऱ्यांची उंची नीट करायला एक माणूस आला होता. नाव मी विचारलं नाही. फाटकाशी तो फोनवर आईला विचारत होता, "माय, जेवी लिधं ना?" ही तर आमच्या घरातली अहिराणी. माझे वडील सुरतेतच उधन्याला लूमवर कामगार होते, ते आजीशी अशीच बोलायचे.

पण शेजारचे शेठ त्यांच्या झोपाळ्यावर बसले होते, आणि मी अहिराणी घरातला हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी हिंदीत काम सांगितलं.

"साहब, आप किधर के?" त्याने विचारलं.

"इधर का ही," मी म्हणालो.

त्याने चपला काढल्या. एक चप्पल हातात घेऊन तो ती गवतावरून सपाट फिरवायचा. फवाऱ्याचं डोकं चपलेला अडलं की माती उकरून ते खाली बसवायचा. शेवटच्या फवाऱ्यावर तो वाकलेला असतानाच मी उगाच घाई करून कॉक उघडला. पाणी उसळलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे भाऊ, बाजूले सरक, वल्ला व्हशी!"

तो पुरता भिजला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग झोपाळ्यावरच्या शेठकडे. चेहरा पुसत तो हिंदीतच म्हणाला, "कुछ नहीं साहब, पानी ही तो है."

काम संपेपर्यंत त्याने हिंदी सोडली नाही. माझं खोटं त्याने माझ्यापेक्षा नीट सांभाळलं.

तो निघताना मी त्याला चहा विचारला. तेही हिंदीतच.