बाबांच्या ट्रम्पेटचं वय

काका आला तेव्हा मी घरापुढच्या खळ्यात कोकमाची सोलं वाळत घालत होते. काका म्हणजे बाबांचा चुलत भाऊ. ऐंशी ओलांडली, पण आवाज अजून खणखणीत. बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. खुर्चीत बसल्या बसल्या त्यानं विषय काढला.

"गो, बापाशीचा ता ट्रम्पेट आसा मा घरात? माका होमस्टेच्या भिंतीर लावचा आसा. तू शिकलेली, तेचा वय काढून दी. जितक्या जुना तितक्या बरा."

वाटलं, ह्याला तिथल्या तिथे हाकलावं. माझ्या बापाला चोर ठरवलं ते ह्यानंच, आणि ह्याच ट्रम्पेटवरून.

मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. जत्रेला देवाच्या पालखीपुढे बाबा ट्रम्पेट वाजवायचे. बांद्याच्या बाजारात एका म्हाताऱ्या गोवेकर बँडवाल्याकडून त्यांनी ते घेतलं होतं. काकाला त्यांचा तो मान खुपला. त्यानं उठवून दिलं की ट्रम्पेट आपल्या बापानं बोटीवरून आणलेलं, आपल्या माळ्यावरून चोरीला गेलेलं. पुरावा कुणाकडेच नव्हता. मग त्यानं देवळात गाऱ्हाणं घालायला लावलं. आमच्याकडे गाऱ्हाण्यात गावकार एकेक वाक्य देवाला सांगतो आणि जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. लहानपणापासूनची सवय, तोंड आपोआप उघडतं. "चोरलेल्या वस्तूचो आवाज तुका नको, म्हाराजा," गावकार म्हणाला. सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्यानं काका ओरडला, "व्हय म्हाराजा!" त्याच्यामागून सगळा गाव. माझा हात धरून उभे असलेले बाबाही म्हणाले. तो आवाज मी विसरलेले नाही.

त्यानंतर बाबांनी पालखीपुढे कधी वाजवलं नाही. नांदगाव-कणकवलीकडच्या लग्नांत वाजवत राहिले. जत्रेच्या दिवशी मात्र घरी बसून सोलांनी ट्रम्पेट घासायचे, हात दुखेपर्यंत.

काकाला मी "बरं" म्हटलं. आतून चहासुद्धा आणून दिला.

कामाला लागले तेव्हा कळलं, पुढच्या कर्ण्यावर बनवणाऱ्याचं नाव होतं खरं, पण बाबांनी घासून घासून ते पुसून टाकलेलं. आत दट्ट्यांवर आकडे होते. त्यांवरून इंटरनेटवर काही हाती लागेना. दोन संध्याकाळी फुकट गेल्या. मग हात मधल्या रबरी पट्टीवर गेला. हाताच्या घामानं पितळ खराब होतं, म्हणून पकडायच्या जागी बाबांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळली होती. रबर पितळेला चिकटून बसलेलं. खोबरेल लावून, नखांनी ओरबाडून ते काढलं. खाली अक्षरं स्पष्ट होती: मेड इन वेस्टर्न जर्मनी.

जर्मनीचे दोन तुकडे झाले ते आपल्याला स्वातंत्र्य मिळाल्यानंतर. आणि काकाचा बाप गेला स्वातंत्र्याच्या आधी. देवळातल्या बाकावर त्याच्या नावाखाली मृत्यूचं वर्ष आहे. ते काकानंच कोरून घेतलंय.

मी रडले. बाबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. सगळा जन्म पुरावा त्यांच्या मुठीत होता. मग डोळे पुसले आणि पट्टी परत होती तशी गुंडाळली.

"वय काढलंय," मी काकाला सांगितलं. "होमस्टे सुरू करशील त्या दिवशी चारचौघांत सांगते." तो खूश होऊन ट्रम्पेट घेऊन गेला. ट्रम्पेटखाली 'आमच्या वडिलांनी आणलेले' अशी पाटीही त्यानं लावून घेतली. लाव म्हटलं, चांगल्या मोठ्या अक्षरांत लाव.

त्या दिवशी होमस्टेपुढच्या मांडवात निम्मा गाव होता. गावकारानं नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं सुरू केलं. काका पुढेच, हात जोडून, डोळे मिटून. गावकार श्वास घ्यायला थांबला तेव्हा मी भिंतीवरून ट्रम्पेट काढलं, पट्टी सोडली आणि त्याच सुरात पुढचं वाक्य घातलं. बायकांनी गाऱ्हाणं घालायची आमच्यात रीत नाही. नसू दे.

"बा देवा म्हाराजा, ह्या ट्रम्पेट वेस्टर्न जर्मनीतला. हयसर छापलेला आसा."

"व्हय म्हाराजा!"

"तो देश झालो स्वातंत्र्यानंतर."

"व्हय म्हाराजा!"

"काकाचो बापूस गेलो तेच्या आधी. बाकार लिवलेला आसा."

काही आवाज गळाले. गावकाराचा नारळ हातातच राहिला. काकाचे डोळे मिटलेलेच होते.

"मेलेल्या बापाशीच्या नावार जेणी माझ्या बापाशीक चोर केल्यान, तो खोटो, म्हाराजा!"

मांडवात एकच आवाज आला, खणखणीत.

"व्हय म्हाराजा!"

मग काकानं डोळे उघडले.